काळा टब

आमच्या मोठ्या दिरांना सगळे दर्यासारंग म्हणतात. समुद्राशी त्यांचा संबंध एवढाच, की त्यांच्या बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे आणि तिच्यात क्लाऊनफिशची एक जोडी आहे. क्लाऊनफिश म्हणजे तो नारिंगी अंगाचा, पांढऱ्या पट्ट्यांचा मासा, पोरंटोरं बघून टाळ्या पिटतात तो. टाकी भाऊजींनी आणली, दिवे त्यांनी लावले, हौशी मासेवाल्यांच्या मंडळात वर्गणी भरून नावही त्यांनीच घातलं. तिथे त्यांचं काम संपलं. बाकी सगळं वहिनी करत होत्या.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून भिंगं घासण्याचं काम त्या कितीतरी वर्षं करताहेत. भिंगावरचा केसाएवढा ओरखडा त्यांना उजेडात न धरताही दिसतो. बोलणं बेताचं, हसणं त्याहून बेताचं. मी वरच्या मजल्यावर राहते आणि तोंडाला कुलूप घालणं मला जमत नाही, त्यामुळे आमचं बरं जमतं.

या माशांच्या घरात कारभार बाईचा असतो. जोडीतली मोठी ती मादी. नर लहानखुरा, तिच्या धाकात. मादी अंडी घालून मोकळी होते, मग नर बिचारा तिथून हलत नाही. तोंडाने अंडी साफ करतो, पंखांनी वारा घालतो, खराब झालेली वेचून काढतो. हे ऐकल्यावर माझे यजमान म्हणाले होते, दादाला थोडे दिवस टाकीत सोडायला हवं. वहिनी तेव्हा मनापासून हसल्या होत्या.

जोडी अंडी घालायची ती टाकीतल्या मातीच्या छोट्या कुंडीवर. पण अंडी घालणं निराळं आणि पिल्लं जगवणं निराळं. दिवा मालवल्यावर पिल्लं बाहेर पडतात, आणि टाकीत राहिली तर सकाळपर्यंत एकही उरत नाही, आईबापच गट्टम करतात. म्हणून अंडी फुटायच्या बेतात आली की वहिनी ती कुंडी उचलून काळ्या प्लास्टिकच्या टबात ठेवायच्या. टब काळाच हवा. पारदर्शक भांड्यात चारी बाजूंनी उजेड आला की ही पिल्लं वेडी होतात, भिंतींवर आपटत राहतात, खाणं विसरतात. पिल्लू असतं पापणीच्या केसाएवढं. त्याला खायला धुळीच्या कणासारखे जिवंत जीव लागतात, आणि त्या जिवांना खायला हिरवं पाणी. म्हणून वहिनींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत हिरव्या पाण्याच्या बाटल्यांची रांग होती. कामावर जाण्याआधी बाटल्या हलवायच्या, टबातली घाण बारीक नळीने ओढायची, उडून गेलेल्या पाण्यापुरतं गोडं पाणी थेंबाथेंबाने सोडायचं, आल्यावर पुन्हा तेच. भाऊजींना त्या बाटल्यांची किळस यायची.

याआधीच्या तीन खेपा वाया गेल्या होत्या. पिल्लू जगलं हे कळतं ते त्याच्या अंगावर पांढरा पट्टा उमटतो तेव्हा. पहिला पट्टा डोक्यामागे. तोपर्यंत काही खरं नसतं. एकदा मी विचारलं, वहिनी, एवढा जीव कशाला काढता? त्या म्हणाल्या, "दिवसभर लोकांना दिसावं म्हणून घासते गं. एकदा मला तो पट्टा बघायचाय. मी केलेला."

चौथ्या खेपेला पिल्लं टिकली. वहिनींनी डोळ्यांत तेल घालून सांभाळली. एका सकाळी कामावर निघताना त्या वर येऊन मला म्हणाल्या, खाली ये जरा. दुकानातलं छोटं भिंग त्यांनी माझ्या हातात दिलं. टबाच्या कडेला दोन-तीन पिल्लांच्या डोक्यामागे, असेल-नसेल असं वाटावं इतकं पुसट, पांढरं काहीतरी होतं. संध्याकाळपर्यंत नीट दिसेल, असं म्हणून त्या गेल्या. जिना उतरताना त्या गुणगुणत होत्या. त्यांना गुणगुणता येतं हे मला तेव्हा कळलं.

दुपारी भाऊजींनी मंडळाच्या अध्यक्षांना आणि आणखी चौघांना घरी बोलावलं. वहिनींना न सांगता, अर्थात. मला खालून हाक आली, जरा चहा टाकायला ये. मी गेले, चहा उकळला, तर गाळणी सापडेना. फडताळ बघितलं, मोरी बघितली. शेवटी बाहेरच्या खोलीत येऊन पाहते, तर एक नवी कोरी काचेची पेटी, वर भगभगीत दिवा, आणि शेजारी ओली गाळणी. काळा टब पाहुण्यांपुढे बरा दिसत नव्हता म्हणे. म्हणून भाऊजींनी पिल्लं चहाच्या गाळणीने उपसून पेटीत टाकली होती. वहिनी त्यांना कधी जाळीत धरत नसत, पाण्यासकट पेल्याने उचलायच्या. गाळणीच्या जाळीत एक अडकलेलं होतं. हलत नव्हतं.

मी दुकानात फोन केला. वहिनी आल्या तेव्हा पाहुणे पेटीपुढे वाकून फोटो काढत होते आणि भाऊजी हिरव्या पाण्याबद्दल सांगत होते, सगळं चुकीचं. पिल्लं काचेवर आपटत होती. वहिनी थेट आत गेल्या. आतून जाडी काळी चादर आणली आणि पेटीवर टाकली.

"अगं, काय करतेस? पाहुणे बघताहेत ना," असं म्हणत भाऊजींनी हसत हसत चादर ओढून काढली.

वहिनींच्या हातात चादरीचं टोक होतं. त्या क्षणी त्यांनी ते घट्ट धरायला हवं होतं, ओरडायला हवं होतं, असं मला आजही वाटतं आणि आजही माझा संताप होतो. त्यांनी टोक सोडलं. चादरीची घडी घातली आणि पाहुण्यांना चहा दिला.

पाहुणे गेल्यावर त्या पेल्याने एकेक पिल्लू टबात परत नेत बसल्या. सकाळी सगळी तळाशी होती. भिंग घेऊन त्यांनी एकेक तपासलं. एकाचा पट्टा पुरता उमटला होता.

मंडळात भाऊजी वहिनींवर खापर फोडून मोकळे झाले. आपण घरी नसताना बायकोकडून खाणं जास्त पडलं, पाणी नासलं, बायकांना कुठे कळतं यातलं. तोवर फोटो झालेच होते. ते मंडळाच्या भिंतीवर लागले, खाली भाऊजींचं नाव, आणि पुढच्या निवडीत भाऊजी सचिव झाले. वहिनींनी हिरव्या बाटल्या रिकाम्या केल्या, धुतल्या, त्यात डाळी भरल्या. टब जिन्याखाली ठेवला.

परवा मी खाली गेले तर मंडळाचे कोणी नवे सभासद आले होते. सचिव म्हणून भाऊजींचा मान मोठा. त्या सभासदांना पिल्लं हवी होती. भाऊजींनी आतल्या खोलीकडे तोंड करून विचारलं, "काय गं, ही जोडी अंडी घालायची बंदच झाली की काय?"

वहिनी हात पुसत बाहेर आल्या. टाकीपाशी वाकल्या. बराच वेळ बघितलं.

"असेल हो. मला तर काही दिसत नाही."

म्हातारी झाली असेल जोडी, असं म्हणून भाऊजी पाहुण्यांना सोडायला खाली गेले. मी टाकीच्या बाजूला गेले आणि गाल भिंतीला टेकवून आत पाहिलं. कुंडी फिरवून ठेवलेली होती, अंड्यांची बाजू भिंतीकडे. अंडी पिकली होती. प्रत्येकात चंदेरी डोळ्यांची जोडी. लहानखुरा नर त्यांच्यापुढे उभा राहून पंख हलवत होता.

"वहिनी, ही आज फुटणार."

"हो."

"मग टब काढू?"

"मासे त्यांचे आहेत ना?" वहिनी म्हणाल्या. "त्यांना काढू देत."

त्यांनी टाकीचा दिवा बंद केला आणि आम्ही दोघी आत भाजी निवडायला बसलो.