कोऱ्या जागेतलं गाव

माझी लेक जपानात नोकरीला लागली आणि आजीला घेऊन ये म्हणून मागेच लागली. त्यामुळे सापगावची माझी आई, पंच्याहत्तरीत, लुगड्यावर स्वेटर चढवून, एका मोठ्या तळ्याकाठच्या चित्रांच्या संग्रहालयात जाऊन पोचली. वाटेत भातखाचरं दिसली तेव्हा "पळसाला पानं तीनच गो," म्हणून तिने अख्खा जपान निकालात काढला. तळ्याकडे मात्र तिने पाठ फिरवली. तिचं माहेर धरणात गेलं. तेव्हापासून ते धरण तिने कधी पाहिलं नाही, की गावाबद्दल चकार शब्द काढला नाही. घरात त्या गावाचा एक फोटो नाही. आई गेली की गावही गेलं, ही माझी भीती. विचारून विचारून मी थकले होते.

आत उजेड मंद होता, पावलांचाही आवाज येत नव्हता. रेशमावरच्या एका लांबलचक चित्रात डोंगर, चार गवताची छपरं आणि बाकी सगळं कोरं.

"आजी, ते धुकं आहे," लेक म्हणाली. "हे लोक धुकं रंगवत नाहीत, जागा तशीच सोडतात."

"धुका कसला? पानी चढलाय," आई म्हणाली.

मी शहाणपण शिकवायला तोंड उघडलं आणि नशीब, मिटलं. आईचं बोट काचेपुढे फिरू लागलं. हे छप्पर काकाचं. इथे खळं. इथे आंब्याखाली विहीर, पाणी गोड. त्या कोऱ्या जागेत ती एकेक घर मांडत गेली आणि खरं सांगते, मलाही ती दिसू लागली. किती वेळ गेला कोण जाणे.

"पानी आला तवा मी सासरी भाताच्या लावनीत होते," ती म्हणाली. "माहेरच्यांनी सामान काढला, देव काढले. मला कुनी सांगावा पन नाय धाडला. दिलेल्या लेकीला कशाला सांगायचा?"

इतकी वर्षं मला वाटत होतं, तिचा राग धरणावर आहे. मला रडू आलं. तिला नाही.

बंद व्हायची वेळ झाली. तिथल्या बाईंनी वाकून तसं सांगितलं. मी आईचा हात धरला, तिने तो सोडवून घेतला आणि डोक्यावरचा पदर खांद्यावर ओढला. सापगावात, तिच्या सासरी, तो मी कधी खाली आलेला पाहिला नव्हता. आमच्याकडे माहेरी लेक डोक्यावर पदर घेत नाही.

"तुमी व्हा पुढं," ती म्हणाली. "मी आत्ताच तर आले."