मान हलली म्हणजे पोचलं नाही

आमच्या ह्यांना ऐकू कमी येतं. सगळा जन्म यंत्रमागावर गेला. अजूनही कारखान्यात जातात. घरी आलं तरी कानात मागच चालू असतात, असं ते म्हणतात. मोठ्यानं सांगितलं तर त्यांना कळतं. हळू सांगितलं तर ते मान हलवतात, 'हं' म्हणतात, आणि समोरच्याला वाटतं, कळलं. मला माहीत आहे, काहीच कळलेलं नसतं. 'काय म्हणालास' असं पुन्हा विचारायची त्यांना लाज वाटते.

त्यामुळे घरातलं सगळं बोलणं माझ्यातून जातं. मुलगी हळू बोलते, तिचं मी ओरडून सांगायचं. माझा स्वभाव असा की दुकानात साखर मागतानासुद्धा आवाज फुटत नाही. आणि घरात मात्र दिवसभर ओरडते. कुंभारीच्या कामगार कॉलनीतली ही घरं भिंतीला भिंत लावून बांधलेली. आज आमच्यात काय शिजलं, कोण रुसलं, हे शेजारणीला विचारावं लागत नाही. आधी लाज वाटायची, आता राग येतो. तो कुणावर काढायचा ते कळत नाही, म्हणून लिहिते आहे. चौथीपर्यंतच शिकले, पण लिहिता येतं.

मुलगी घरी बसून एका कंपनीचं काम करते. लांब कुठंतरी ठेवलेल्या कॉम्प्युटरांवर लक्ष ठेवायचं. तिच्या पुढ्यात एक काळी खिडकी असते, तिच्यात पांढरी अक्षरं. मी शेजारी बसून टॉवेलच्या कडा शिवते. एकदा तिचे हात कणकेत होते, तेव्हा तिनं मला पासवर्ड टाकायला सांगितला. मी एकेक बटण दाबलं, पण खिडकीत काही उमटेना. मी म्हटलं, बटणं बिघडली. ती हसायला लागली. बिघडलं नाही, मुद्दाम दाखवत नाही, म्हणाली.

मग तिनं समजावलं. पूर्वी एकच मोठं मशीन असायचं आणि त्याला वायरीनं जोडलेली खोकी. खोक्याला बटणं आणि पडदा. माणूस खोक्यावर लिहायचा, मशीन खोक्यावर उत्तर द्यायचं. ती खोकी गेली, पण प्रोग्राम खोक्याशीच बोलायला शिकलेले. म्हणून आता खोटं खोकं करतात. हात लावायला ते कुठंच नाही, नुसती दोन टोकं आहेत. एक टोक काळ्या खिडकीकडे, दुसरं प्रोग्रामकडे. इकडून घातलेलं तिकडून निघतं, तिकडचं इकडे येतं. प्रोग्रामला वाटतं, आपण खऱ्या खोक्याशीच बोलतोय.

दोन टोकांच्या मध्ये एक मधला असतो, कॉम्प्युटरचा आतला कारभारी. आपण लिहिलेली ओळ तो एंटर दाबेपर्यंत स्वतःजवळ धरून ठेवतो. आपण काही खोडलं तर तोच खोडतो, पुढं कळू देत नाही. हे मला लगेच पटलं. ह्यांच्या तोंडची शिवी मीही पोरीपर्यंत जाऊ देत नाही. पण पुढचं पटेना. आपण दाबलेलं अक्षर आपल्याला दिसतं, तेसुद्धा म्हणे हा मधलाच दाखवतो, आणि पासवर्डच्या वेळी प्रोग्राम त्याला सांगतो की आता दाखवू नको. मी म्हटलं, अक्षर दिसलं म्हणजे तिकडं पोचलंच की.

तिनं एक साधा प्रोग्राम लावला. आलेली ओळ जशीच्या तशी परत पाठवायची, एवढंच त्याचं काम. मला माझं नाव लिहायला लावलं. नाव दिसलं.

"आई, हे तुला मधल्यानं दाखवलं. प्रोग्रामला अजून काय म्हाईत न्हाय."

मग एंटर दाबायला लावलं, आणि खाली तेच नाव दुसऱ्यांदा आलं. हे दुसरं खरं. पहिलं म्हणजे आमच्या ह्यांची मान.

इतकं सगळं जिनं मला शिकवलं, तीच घरात फसली. कंपनीनं तिला पुण्याच्या ऑफिसात बोलावलं. ती मला म्हणाली, ह्या वेळी तू मध्ये येऊ नको, पप्पांना मीच सांगते. मला बरंच वाटलं. शिवलेले टॉवेल पोचवायला मी व्यापाऱ्याकडे गेले. परत आले तर ही खुशीत. पप्पा हो म्हणाले, आणि तिनं कंपनीला होकार कळवूनही टाकला. मी विचारलं, मोठ्यानं सांगितलंस का?

"ओरडायचं कशाला? जवळ बसून सांगितलं. मान हलवली की त्यांनी."

मी कपाळाला हात लावला. तिच्याही लक्षात आलं. म्हणाली, आता तूच सांग. म्हणजे फिरून मीच. पोरीला एकटीला पुण्याला पाठवायची गोष्ट, ती मी ओरडून सांगायची, बाहेर बायका नळाला उभ्या असताना. हे नको म्हणाले तर तेही सगळ्यांच्या देखत. आज सांगू, उद्या सांगू म्हणत राहिले. सोमवारी तिला निघायचं होतं. शनिवारी बॅग माळ्यावरून खाली आली आणि ह्यांनी विचारलं, कुणाची बॅग, कुटं निघालाय? पोरगी माझ्याकडे बघायला लागली. मी ओरडून सगळं सांगितलं. शेजारच्या टीव्हीचा आवाज लगेच बारीक झाला.

ह्यांचा चेहरा उतरला. मला कुणी सांगितलंच नाही, म्हणाले. पोरगी खाली बघून म्हणाली, सांगितलं होतं, तुम्ही हं म्हणालात. तेही मला ओरडून सांगावं लागलं. ह्यांनी बॅगेवरची धूळ हातानं पुसली.

"मला न्हाय ऐकू आलं," म्हणाले.

इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मग मला म्हणाले, समद्या कॉलनीला कळलं, आता नको कशाला म्हणू. जा म्हणाव तिला. ती हातभर अंतरावर उभी होती, तरी 'म्हणाव'. ती मला म्हणाली, पप्पांना सांग, कान दाखवणार असतील तरच जाईन. हे मला म्हणाले, तिला सांग, माझ्या कानाला काय धाड भरलीय?

मी कात्री खाली ठेवली.

"आता कुणाचं कुणाला सांगणार न्हाय मी. ही सोमवारी जाईल. मंगळवारी तुमी आन मी दवाखान्यात जायाचं, कान तपासायला. हे तिचं न्हाय, माझं सांगणं हाय."

"मंगळवारी कारखाना हाय."

"खाडा करा."

पोरगी सोमवारी गेली. मंगळवारी हे डबा घेऊन कारखान्याला गेले. त्याच्या पुढच्या मंगळवारीही गेले. ह्या मंगळवारी मी डबा भरणार नाही.