शैलाच्या डोकेदुखीचं कारण

हसणार असाल तर पोटभर हसा, पण माझं काय झालं ते एकदा ऐकाच. अंबरनाथच्या कंपनीत मी उभा जन्म मशिनांचे बिघाड शोधले हो! मशीन गरम होतंय? एकेक भाग बंद करून बघायचा. ज्याने थंड होईल तो गुन्हेगार!

रिटायर झालो आणि आमच्या शैलाचं डोकं दुखायला लागलं. रोज. आता मी गप्प बसणार?

आधी तिची उशी बदलली. मग अगरबत्ती बंद. मग तिची सिरियल बंद, मग फोडणीत हिंग बंद! प्रत्येक वेळी मी तिच्या समोर बसून विचारायचो, "आता?"

"दुखतंय."

"कपाळ की मागे? ठणका की जडपणा?"

"अहो, जरा पडू दे की मला!"

खरं सांगू? आतून मी टरकलो होतो. कंपनीतल्या एका मित्राची बायको अशीच डोकं दुखतंय म्हणत गेली. पण 'मला भीती वाटते' असं बायकोला सांगायची सवय कुठंय आपल्याला? मग आपण प्रश्न विचारतो.

शेवटी शेअर रिक्षाने उल्हासनगरला, कॅम्प तीनमधल्या आमच्या नेहमीच्या सिंधी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी शैलाला विचारलं, "क्या होता है, ताई?"

मी म्हटलं, "डावीकडे ठणका, संध्याकाळी जास्त."

"भूख?"

"बरी आहे. झोप कमी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, पेशंटला जाणवतं ते लक्षण. मला तपासून दिसतं ते चिन्ह. तुम्ही तर दोन्ही एकटेच बोलताय! इनको बोलने दो ना."

"पण डॉक्टर, कारण नको का सापडायला?"

त्यांनी प्रेशर घेतलं, डोळ्यांत टॉर्च मारून पाहिलं, मान हलवून बघितली. सगळं ठीक! मला हायसं वाटायला हवं होतं. पण माझा तपास अर्धवट राहिला होता ना!

मी खुर्ची पुढे ओढली. "डॉक्टर, एक महत्त्वाची गोष्ट राहिली. मध्यंतरी मी आठवडाभर बदलापूरला भावाकडे होतो. तेव्हा हिचं डोकं एकदाही दुखलं नाही! म्हणजे त्या आठवड्यात घरातलं काहीतरी बंद होतं. काय बंद होतं, तेवढंच सापडत नाहीये!"

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. शैला पंख्याकडे बघत होती. बाहेर बाकावर बसलेल्या एक आजी फिस्सकन हसल्या.

आणि मग माझी ट्यूब पेटली. अरे देवा!

परतताना रिक्षात मी तोंड पाडून बसलो होतो. शैलाने हळूच माझा हात धरला. "काळजी करता, ते कळतं हो मला. पण नुसतं शेजारी बसा ना कधीतरी. काही न विचारता."

"मला भीती वाटत होती गं," मी म्हणालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"मलाही," ती म्हणाली.

डॉक्टरांनी गोळी दिली नाही. उपाय सांगितला तो मला: संध्याकाळी तासभर घराबाहेर. तेव्हापासून नेमाने बुवापाड्यापर्यंत चालून येतो. शैला तेवढ्यात हिंगाची फोडणी देते, सिरियल बघते. डोकं? एकदम छान!

वाटेत ओळखीचे हटकतात, "काय काका, शुगर निघाली वाटतं?"

"नाही हो," मी म्हणतो, "मिसेसचं डोकं दुखायचं."