निकालाआधी वाजलेला बँड

बँडमास्तर एकसष्ट वर्षे जगले; त्यांपैकी अखेरच्या चार वर्षांत त्यांना ट्रम्पेट ओठांना लावता आला नाही. त्याचे कारण विधानसभेच्या निकालाच्या दिवशी घडले.

त्यांच्या बँडात एक शिस्त होती. सूर ट्रम्पेटचा, पण सुरुवात मोठ्या ढोलाची. ढोलावर टोला पडला की कोणी वळून पाहायचे नाही, विचारायचे नाही. वाद्य थेट तोंडाला. तो ढोल जावयाच्या गळ्यात असे. एकुलत्या एका मुलीचा नवरा. मनगटाचा दणकट, डोक्याचा तापट.

मतमोजणी शाळेच्या इमारतीत चालली होती. उमेदवार दोन, एक वकील आणि एक लाकडाचा वखारवाला. फाटकासमोर डावीकडे वकिलाची माणसे, उजवीकडे वखारवाल्याची, मध्ये पोलिसांचा दोर. बँड वखारवाल्याने ठरवला होता. जावयाचे मन मात्र दोरापलीकडे.

"मामा, आपला वकील मैदान मारतोय," तो कुजबुजला.

"आपला कोण? ज्याची सुपारी, तो आपला."

"सुपारी हाताला मिळालीय, मनाला नाही."

"मग मन घरी ठेवून यायचं होतंस. हात आवर."

तोच कर्ण्यावरून शेवटून दुसऱ्या फेरीचा आकडा आला. वकील पुढे! डावीकडे जल्लोष उसळला आणि त्या भरात जावयाचा हात सुटला. टोला पडताच सवयीने सारी वाद्ये उठली, मास्तरांचेही उठले. आपण काय करतो आहोत हे उमगेपर्यंत विजयाची धून चांगलीच रंगली होती, आणि तीही वखारवाल्याच्या झेंड्यांखाली.

"आमचं खाऊन आमच्याच मयताला वाजवता रे?"

झेंड्यांची कापडे उतरली, हाती काठ्या उरल्या. पहिली काठी क्लॅरिनेटवाल्याच्या कानशिलावर बसली. तो उभ्याचा आडवा झाला. कोणी ढोलाचे कातडे सुऱ्याने फाडले आणि त्या भगदाडात जावयाचे डोके कोंबले. पट्टा गळ्यातच असल्याने त्याला सुटता येईना. लाथा बरगड्यांवर पडत होत्या आणि त्याचे ओरडणे पोकळ लाकडातून घुमत होते. पोलीस दोरापलीकडची गर्दी रेटण्यात गुंतले होते.

वखारीतला करवतवाला लोखंडी पहार घेऊन पुढे झाला. "सरका. याचं डोकं ढोलातच राहू द्या. तिथेच फोडतो."

मास्तर मध्ये पडले. "त्याला काय मारतोस? माझ्या खुणेशिवाय तो हात उचलत नाही. खूण मी केली."

"म्हाताऱ्या, तू?"

"मीच. मतसुद्धा वकिलालाच दिलंय."

खरे तर मत त्यांनी वखारवाल्यास दिले होते.

"मग वाजव की!" करवतवाल्याने ट्रम्पेट त्यांच्या तोंडात खुपसला आणि समोरून भोंग्यावर पहार हाणली. पुढचे दात घशात गेले. दुसऱ्या घावात जबडा निखळला. तिसरा घाव उचललेलाच होता, तोच कर्णा पुन्हा बोलला: अखेरच्या फेरीत वखारवाला निवडून आला होता.

पहार खणकन खाली पडली. मास्तरांना ओलांडून सारे नाचत फाटकाकडे धावले. एकाने रक्ताने माखलेली झांज उचलली आणि तीच बडवीत तो निघाला.

क्लॅरिनेटवाला तिसऱ्या दिवशी गेला. करवतवाल्यास सात वर्षांची शिक्षा झाली. आमदार झालेल्या वखारवाल्यापर्यंत खटल्यातले काहीच पोहोचले नाही. मोडलेल्या वाद्यांची भरपाई आजतागायत झालेली नाही. जावयाच्या बरगड्या यथावकाश जुळल्या.

मास्तरांना पातळ भात चमच्याने भरविताना मुलगी म्हणे, "बाबा, साठीला आलात, आणि खूण करायची एवढी घाई कसली हो झाली होती? क्लॅरिनेटवाल्या काकांची बायको माझ्याकडे बघतसुद्धा नाही. त्यांच्या जिवाचं काय?"

मास्तर घास गिळत आणि चुकलेल्या माणसासारखी मान हलवीत. समोर बसलेला जावई ताटातून वर पाहत नसे.

मास्तर गेल्यावर तरी तो बायकोला खरे सांगेल, असे वाटले होते. अद्याप सांगितलेले नाही.