भावाने पोळी सोडली तेव्हा

माझा धाकटा भाऊ शास्त्रज्ञ आहे, त्यामुळे त्याला कुठलीही गोष्ट साधेपणाने करता येत नाही. डॉक्टरांनी त्याला एवढंच सांगितलं होतं, की एक किडनी बहिणीला द्यायची असेल तर आधी वजन थोडं उतरवा. ती बहीण म्हणजे मी. माझ्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले होते आणि डायलिसिसवर दिवस निघत होते. आईवडील नाहीत, नवराही नाही. किडनी जुळेल असा माणूस इथे लखनौत हा एकच.

दुसऱ्या कोणी भात कमी केला असता, संध्याकाळी आपल्या विकास नगरात चार फेऱ्या मारल्या असत्या. आमच्या स्वारीने पोळी, भात, बटाटा, आंबा, सगळ्यांना एका दिवसात घराबाहेर काढलं. तेही ऐन मे महिन्यात. मग माझ्याकडे इंदिरा नगरला येऊन व्याख्यान: पिष्टमय काही मिळालं नाही, की शरीर चरबी जाळायला घेतं, यकृत तिच्यापासून कीटोन बनवतं, आणि माणूस त्यावर चालतो.

"आणि तोंडाला नेलपॉलिश काढायच्या औषधाचा वास येतो, तो?"

"तो ॲसिटोनचा. म्हणजे बरोबर चाललंय," तो खूश होऊन म्हणाला.

"बायको चार हात लांब बसते, तेही बरोबरच चाललंय म्हणायचं."

रोज सकाळी तो लघवीत कागदाची पट्टी बुडवायचा आणि तिचा फोटो मला पाठवायचा. कीटोन असले की पट्टी जांभळी होते. जितकी गडद तितकी प्रगती, असं त्याचं म्हणणं. सकाळच्या चहाबरोबर सख्ख्या भावाच्या लघवीचे रंग बघणारी अख्ख्या लखनौत मी एकटीच असेन. "आज वांग्यासारखी आली, पहिला वर्ग," असे मी शेरे मारायचे. भावजय फोनवर कुरकुरायची, "ताई, हे अमीनाबादला कबाब घेतात आणि रोटी परत करतात. दुकानवाले भैया विचारतात, साहब, घर में सब ठीक है ना?"

मी हसायचे. पण वजनाचा काटा खाली येत होता आणि मला त्याचा लोभ सुटला होता. मला त्याची किडनी हवी होती. जिचं बोट धरून हा लहानपणी शाळेत जायचा, तिला आता त्याच्या पोटातलं काही हवं असावं, याची लाज वाटायची, आणि तरी हवीच होती.

मग त्याच्या तपासण्या झाल्या. किडनीवरचा ताण दाखवणारं क्रिएटिनिन वाढलेलं, युरिक ॲसिड वाढलेलं, लघवीत कीटोन. किडनीच्या डॉक्टरांनी विचारलं, "आप खाते क्या हैं?" भावाने सगळं व्याख्यान पुन्हा दिलं. डॉक्टरांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "और पानी?"

पाणी त्याने हिशेबात धरलंच नव्हतं. बाहेर लूच्या झळा लागत होत्या, आणि हा गृहस्थ मांसावर मांस खाऊन पाणी विसरला होता. लघवीच घट्ट झाल्यामुळे पट्टी आणखी गडद दिसत होती, आणि तो तिला प्रगती समजत होता. ज्याने जन्मभर लोकांच्या प्रयोगांतल्या चुका काढल्या, त्याला ही दिसली नाही! डॉक्टर म्हणाले, निरोगी माणसाचं थोडे दिवस बहुधा निभावून जातं. पण तुम्ही एक देऊन उरलेल्या एकीवर जन्म काढणार. तिच्यावर एवढ्या प्रथिनांचा भार, त्यात मुतखड्याची भीती. "अभी मैं आपको नहीं ले सकता. रोटी खाइए, दाल-सब्जी खाइए, पानी पीजिए, टहलिए. फिर देखेंगे."

बाहेर आल्यावर तो बाकावर बसून राहिला. "ताई, मी तुझी किडनी बिघडवली का गं?" स्वतःच्या पोटातल्या किडनीला तो माझी म्हणत होता. मी त्याच्यापुढे बाटली धरली आणि "पी आधी मुकाट्याने," म्हणून खेकसले.

पुढे पोळी, वरण, दुधीची भाजी आणि विकास नगरातल्या फेऱ्या यांवर वजन उतरायला पावसाळा सरला. पण या वेळी रिपोर्ट चांगले आले, आणि हॉस्पिटलच्या कमिटीने आम्हाला बोलावलं. देणाऱ्यावर कोणी जबरदस्ती करत नाही ना, हे कमिटी बघते.

"आप पर दीदी का कोई दबाव तो नहीं?"

"है ना, सर. बचपन से है."

सगळे हसले, मीही हसले. अध्यक्षबाई मात्र गंभीर झाल्या. म्हणाल्या, मना करना हो तो अभी कर सकते हैं, कोई कुछ नहीं कहेगा.

"मैडम, एक बार मना हो चुका है," तो म्हणाला. "इस बार मत कीजिए." आणि माझा पन्नाशीतला भाऊ त्या अनोळखी लोकांसमोर रडायला लागला.

मी त्याला गप्प करायला हवं होतं. पण मी अध्यक्षबाईंच्या हातातल्या पेनाकडे बघत होते आणि मनात एकच म्हणत होते, देऊ द्या हो त्याला.