काकूंच्या खोलीचं तापमान

नागपूरच्या उन्हाळ्यावर चिडण्याऐवजी त्याचं समीकरण मांडणारी बाई अख्ख्या शहरात एकच, आणि ती म्हणजे आमच्या शेजारच्या काकू. काका कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले आणि काकूंनी लग्नापायी अर्धवट राहिलेली गणिताची एम.एस्सी. पुन्हा हाती घेतली. तेव्हापासून त्या घरात कुठलीच गोष्ट साधी राहिली नाही. चहा कसा निवतो याचा आलेख निघायचा आणि तो पुरा होईस्तोवर कपाला हात लावायची सोय नसायची. काका बिचारे गारढोण चहा प्यायचे. मी हिंगण्याच्या कारखान्यात इंजिनिअर, म्हणून दिसलो की मला धरायच्या, "थांब गा बापू. स्लॅबमधून गरमी खाली कशी येते, सांग बरं?" मी घाईघाईने गाडीला किक मारायचो.

परीक्षेच्या प्रकल्पासाठी त्यांनी आपली अभ्यासाची खोलीच घेतली होती. स्लॅब, भिंती, ऊन सगळं समीकरणात घालून खोलीचं तापमान काढायचं आणि तापमापकाशी ताडून पाहायचं. पण खोली दरवेळी गणितापेक्षा थंड निघायची. काकूंनी तापमापक बदलला, पंख्यालाही बोल लावला. ताळा काही जमेना, आणि त्यावाचून पदवी अडलेली.

"काहीतरी सुटून राहिलं गा," त्या म्हणायच्या.

तेवढ्यात काका "झाडांले पाणी टाकून येतो" म्हणत गच्चीवर जायचे आणि पाइप धरून अख्खा स्लॅब भिजवायचे. एकदा मी आमच्या गच्चीवर होतो, तेव्हा मला हळूच म्हणाले, "खाली अभ्यास करते न ती. उकडते तिले." गच्चीवर पाणी मारणं आमच्याकडे घरोघरी चालतं, त्यामुळे मीही ते विसरून गेलो. काकू तर पुस्तकातून डोकं वर काढतील तेव्हा ना!

काका हिवाळ्यात गेले, अगदी ध्यानीमनी नसताना.

यंदा ऐन मे महिन्यात काकूंनी मला हाक मारली. टेबलावर गणिताचा कागद, शेजारी तापमापक. दोन्हीकडे एकच आकडा. मी अभिनंदन केलं, पण त्यांचा चेहरा काही खुलला नाही.

"आज वर गेली होती मी," त्या म्हणाल्या. "एक तुळस हाय गच्चीवर. एकच. मंग हे रोज इतकं पाणी कुठं टाकत होते?"

काका मला काय म्हणाले होते, ते मी सांगितलं. काकूंनी मान वर करून छताकडे पाहिलं. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या गच्चीवर पाण्याचा आवाज आला. काकू पदर खोचून, पाइप धरून उभ्या होत्या. तापलेल्या स्लॅबमधून वाफ निघत होती.

"काय काकू, प्रकल्प पाठवला न?"

"नाही गा," त्या पाणी मारता मारता म्हणाल्या. "उत्तर चुकवून राहिली."