तापीवरची उलटी नाव

खरं सांगतो, त्या दिवसापर्यंत आमच्या खानदेशच्या कानबाई देवीशी माझं बोलणं नव्हतं. श्रावणात घरी तिच्या नैवेद्याचे रोट व्हायचे, ते मी पोटभर खायचो. पाया पडायची वेळ आली की मला नेमकं शेतात काम निघायचं. आमची ही मात्र कणीक मळतानासुद्धा तिच्याशी बोलायची. मी चेष्टा करायचो, "काय म्हणते तुझी मैत्रीण?" शिरपूरच्या अंगाला तापीवर आमची जुनी शिडाची नाव होती. तिच्यातलं इंजिन खोकून खोकून मेलं, तेव्हा कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनातलं मोडीत काढलेलं इंजिन मी उचलून आणलं.

ते बसवायला जिनातलाच मिस्त्री आला. जिनात यंत्राचं तोंड पूर्वेला ठेवतात, नारळ फोडतात, मगच पट्टा चढतो. काठाला बांधलेल्या नावेतही त्यानं तसंच, पूर्वेकडे तोंड करून इंजिन आवळलं. ही खूश. मीही खूश, कारण मी देव मानत नव्हतो, पण पूर्व मानत होतो. नाव वळली की पूर्व कुठे राहणार, हे आम्हा शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

नारळाचं पाणी वाळलं नव्हतं, तोच पैलतीरावरून, लेकीच्या सासरहून निरोप आला: लेक बाळंतपणात अडली आहे, तिथल्या सुईणीनं हात टेकले. अडलेली बाई सोडवण्यात आमच्या हिचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. पण नदी फुगलेली, वारा पडलेला, नुसत्या वल्ह्यांनी ओढ आवरेना. राहिलं इंजिन. "जय कानबाई!" म्हणत मिस्त्रीनं चाक फिरवलं. इंजिन धडधडलं आणि नाव मागे निघाली, थेट काठाच्या चिखलात!

"आबा, उलटं व्हई गयं," मिस्त्री म्हणाला. पूर्व साधायला इंजिनाचं तोंड नावेच्या पाठीकडे फिरवल्यानं पाण्यातला पंखाच उलटा फिरत होता.

"माले दिसस ना!" मी ओरडलो. सगळं सोडून पुन्हा आवळायला संध्याकाळ झाली असती, आणि तोवर लेक... ही डोळे मिटून बसलेली. मी चिडून म्हणालो, "सांग आता तुझ्या मैत्रिणीला!"

काठावर एक अनोळखी म्हातारी शेळी धरून आमची फजिती बघत होती. ती खो खो हसली. "उलटी जास ते उलटीच न्या ना भाऊ!"

आम्ही एकमेकांची तोंडं बघितली. मग बांबू रेटून नावेची पाठ पैलतीराकडे केली आणि तशीच हाकारली. सुकाणू ऐकेना, म्हणून दोन्हीकडून वल्ही मारून सावरत गेलो. पलीकडची माणसं हसून हसून नदीत पडायची बाकी होती. एवढी बेअब्रू उभ्या जन्मात झाली नव्हती. नाव लागली तशी ही उतरून धावत सुटली.

मी लेकीच्या सासरच्या ओट्यावर बसून राहिलो. आतून लेकीचं ओरडणं येत होतं. माझं काय वाट्टेल ते कर, पण तिला ठेव, एवढंच मी घोकत होतो. कुणाला, ते विचारू नका. शेवटी एक बारीक, चिडकं रडणं ऐकू आलं. ही घामानं निथळत दारात आली. "पायाळू आहे नातू, उलटाच आला. आणखी उशीर झाला असता तर दोघंही हाती लागली नसती. आता बरी आहेत."

त्या म्हातारीला नंतर पुष्कळ शोधलं. ती कुणालाच ठाऊक नव्हती. कोण होती, यावर मी वाद घालत नाही. आपण आखलेल्या वाटेनंच कृपा यावी, हा हट्ट तेवढा सुटला. त्या दिवशी ही आत वळताच ओट्यावरच मला हुंदका फुटला होता आणि मी पहिल्यांदा कानबाईला म्हटलं होतं, "माय, तू आणशील तसा येईन."